किल्लीचे छत्तीस फेरे

माझ्या हाताने माझ्या पोरीचा जबडा बिघडला, असं मी दोन दिवस धरून चालले होते. दोनच दिवस. पण त्या दोन दिवसांत मी नवऱ्याशी जेवढी भांडले तेवढी त्याआधीच्या सगळ्या संसारात मिळून भांडले नसेन, आणि भांडणात मी काही कच्ची नाही. आता मुलगी अकरावीला आहे. क्लासला निघताना आरशात बघून एकदा स्वतःलाच दात दाखवते आणि मग चप्पल घालते. तिला वाटतं आईचं लक्ष नाही. माझं असतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचा वरचा जबडा अरुंद होता. दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या, त्यामुळे घास चावताना हनुवटी एका बाजूला सरकायची. लातुरात दातांचे डॉक्टर पायलीचे पन्नास आहेत, तरी मी तिला नांदेडला नेलं. नांदेड माझं माहेर, आणि तिथली दात सरळ करणारी डॉक्टर माझ्या धाकट्या बहिणीची वर्गमैत्रीण. नवरा म्हणाला, "माहेरचं पाणी गोड लागतं हे ऐकलं होतं. दातसुद्धा तिथंच सरळ होतात हे आता कळून राहिलं."

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ती माझी जुनी सवय आहे.

डॉक्टरने तिच्या टाळूला एक प्लेट चिकटवली. प्लेटच्या मध्ये बारीक स्क्रू, स्क्रूला एक भोक. सोबत बोटाएवढी किल्ली दिली. किल्लीचं टोक भोकात घालायचं, घशाच्या दिशेने ढकलायचं, की स्क्रू जरासा फिरतो आणि पुढचं भोक समोर येतं. तो एक फेरा. प्रत्येक फेऱ्याला जबड्याचं हाड मधोमध केसभर उघडतं. "सकाळी एक, संध्याकाळी एक, चौदा दिवस," डॉक्टर म्हणाली. "समोरच्या दोन दातांत फट पडेल, घाबरू नका, ती पडायलाच हवी. मग मला दाखवायला आणा. पुरेसं उघडलं की फेरे बंद करायचे आणि हाड भरू द्यायचं. आणि ताई, प्रत्येक फेरा लिहून ठेवा. ह्यात सगळा खेळ मोजण्याचा आहे."

तेव्हा मी शाळेत वीस वर्षं गणित शिकवत होते. मोजण्याचं मला सांगता, असं मी मनात म्हटलं, आणि बहुतेक ते तोंडावरही दिसलं असावं.

आमच्या घरात तोंड धुवायचं बेसिन मागच्या बोळकांडीत आहे. तिथे डोक्यावर चांगला लखलखीत दिवा आहे, म्हणून किल्ली फिरवायची जागा तीच ठरली. बेसिनशेजारी पाण्याच्या मोटरचं बटन आणि बटनाशेजारी खिळ्याला सासऱ्यांचं कॅलेंडर. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, मुलीचे ते आबा. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्यावर देखरेख करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर कालवा सुटला, पाणी सुटलं नाही. लातूरसारख्या गावात, जिथे एकदा रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा माणसाला घरात काम कमी पडत नाही. नळ चार-पाच दिवसांनी येणार, कधी येणार ते कुणाला ठाऊक नाही, आणि आला की आधी हौद, मग वरची टाकी, मग घरातली भांडी, हा क्रम ठरलेला. सासूबाई होत्या तेव्हाही पाण्याचं खातं मामांकडेच होतं. नळ आला की ते कॅलेंडरवर 'नळ, पहाटे, दीड तास' असं वळणदार अक्षरात लिहायचे. कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने एक बॉलपेन कायमचं बांधलेलं होतं. मी ते लिहिलेलं कधी वाचलं नाही. पाणी येत होतं, मला तेवढं पुरे होतं.

तर पहिल्या दिवशी पोरीचं तोंड उघडलं, किल्ली फिरवली, आणि समोर आयतं कॅलेंडर आणि आयतं पेन दिसलं. मी त्या तारखेवर एक फुली मारली. वर्गात बरोबर उत्तराला मी बरोबरची खूण करते, पण कॅलेंडरवर माणसाचा हात फुलीकडेच जातो. संध्याकाळी दुसरी फुली. असं सुरू झालं.

आठवडा झाला आणि सगळं बंद पडलं. शाळा बंद, नवऱ्याच्या कॉलेजचं ऑफिस बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद. अहमदपूरच्या पुढे पोलीस गाड्या परत फिरवतात असं ऐकू यायला लागलं. नांदेड आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला आईकडे. ते एकदम परदेश झालं. नवऱ्याने संधी सोडली नाही. "लातुरात डॉक्टर काय कमी होते?" तो रोज एकदा म्हणायचा, साधारण चहाच्या वेळी.

मी घरून शिकवायला लागले होते. संध्याकाळी फोनसमोर बसून साठ पोरांना अपूर्णांक शिकवायचे, त्यातली चाळीस गायब, उरलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरचा कुकर कायम चालू. त्यामुळे संध्याकाळचा फेरा कधी मी, कधी नवरा, ज्याला वेळ मिळेल त्याने. फुली मात्र मारायचीच, हे मी त्याला दहा वेळा बजावलं होतं.

पोरगी शहाणी होती. बेसिनसमोर उभी राहायची, डोळे घट्ट मिटायची, तोंड उघडायची. फेरा झाला की तिला नाकाच्या मुळाशी दाब जाणवायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण ती हूं की चूं करत नसे. दहाव्या-अकराव्या दिवशी समोरच्या दोन दातांत खरंच फट पडली. आधी नखाच्या जाडीएवढी, मग काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी. मामा म्हणाले, "फट असलेली पोर नशिबाची असती." पोरगी म्हणाली, "आबा, पण माझा 'स' शिट्टीसारखा येतोय." दोघं मिळून अर्धा दिवस सशाच्या गोष्टी सांगत बसले, शिट्टी ऐकायला.

चौदा दिवस झाले तेव्हा मी डॉक्टरला फोन केला. तिचं क्लिनिकही बंदच होतं. तिने फोटो मागवले. जेवणाचे दोन चमचे घेऊन नवऱ्याने पोरीचे गाल दोन्हीकडे ताणले आणि मी फोटो काढले. डॉक्टरने पाहून सांगितलं, "उजवीकडे अजून जरा कमी आहे. आता रोज एकच फेरा करा, आठ दिवस. आतापर्यंतचे अठ्ठावीस आणि हे आठ, एकूण छत्तीस. त्याच्यापुढे एकसुद्धा नाही. छत्तीस झाले की किल्ली कपाटात टाका आणि मला फोन करा."

आठ दिवसांनी शेवटचा फेरा झाला. किल्ली पुसून डबीत ठेवली. आणि फोन करण्याआधी, केवळ रीत म्हणून, मी कॅलेंडरची दोन्ही पानं उलटून फुल्या मोजल्या.

एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या. मग पोरीची पेन्सिल आणून प्रत्येक फुलीला ठिपका देत मोजल्या. एक्केचाळीसच. सुरुवातीच्या पंधरवड्यात दोनच्या जागी तीन फुल्या असलेल्या तारखा होत्या, नंतरच्या आठवड्यात एकीच्या जागी दोन असलेल्या. म्हणजे उघड होतं. काही दिवशी संध्याकाळचा फेरा मीही फिरवला आणि नवऱ्यानेही. पाच फेरे जास्त.

घाबरले की मी रागावते, हा माझा स्वभाव. मी थेट हॉलमध्ये जाऊन नवऱ्याला धारेवर धरलं.

"मी फिरवलेली असताना तू परत फिरवलीस."

"मी का तूच?"

"फुली बघितली नाहीस?"

"बघितली असती तर फिरवली असती का?" तो म्हणाला, आणि मग त्याचा आवाज उतरला. "मला नक्की आठवून नाही राहिलं. एखाद दिवशी झालं असेल. तू क्लास घेत होतीस, मला वाटलं राहिलं असेल."

ते 'असेल' ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "मी डोळे मिटून असते गं आई. दोनदा फिरवली असेल कधीतरी." आता ह्यावर काय बोलणार? चोराला पकडायला गेलं आणि साक्षीदारच फितूर झाला. मी नवऱ्याला बेफिकीर म्हटलं, त्याने मला हुकूमशहा म्हटलं, आणि आतून मला पुरतं ठाऊक होतं की त्या पाच फेऱ्यांतले निम्मे माझेही असू शकतात. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका लाल शाईने दाखवत आले होते. स्वतःच्या पोरीच्या तोंडातलं गणित मला सांभाळता आलं नव्हतं.

डॉक्टरला फोन लावला. आकडा सांगितला.

"एक्केचाळीस? ताई, नक्की?"

"तीनदा मोजलं."

"मग मला बघावं लागेल," ती म्हणाली. "छत्तीस असते तर मी सांगितलं असतं, घरात बसा, सहा महिने येऊ नका. ह्या पुढच्या काळात तसंही काही करायचं नसतं, हाड भरू द्यायचं असतं. पण एक्केचाळीस म्हणजे स्क्रू शेवटाला आला असेल. सुटला तर तोंडात लागेल. आणि हाड गरजेपेक्षा जास्त उघडलं असेल तर ते तसंच भरून बसेल, मग निस्तरणं अवघड. फोटोत एवढं बारीक कळत नाही. तुम्ही प्रवासाचा पास काढून आलात तर मी तुमच्यापुरतं क्लिनिक उघडीन. पण तुमच्या घरी म्हातारं माणूस आहे ना? नीट विचार करून उद्यापर्यंत सांगा."

म्हातारं माणूस होतं. मामांना जुना दमा. दर हिवाळ्यात एकदा तरी त्यांना दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागायचा. त्यांच्या छातीची घरघर आम्हाला घड्याळासारखी ओळखीची होती, आणि त्यांच्या डॉक्टरांनी साथ सुरू होताच बजावलं होतं की ह्या माणसाला हा आजार गाठता कामा नये. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, हॉल आणि गच्चीवर एक पत्र्याची खोली. नांदेडला जाऊन तोंड उघडून घेऊन परत यायचं म्हणजे काय बरोबर आणू सांगता येत नव्हतं. परत न येता आईकडेच राहावं, तर तिकडे आई सत्तरी ओलांडलेली, साखरेची जुनी पेशंट. इकडे आड, तिकडे विहीर. आणि पुढे ढकलावं तर पोरीच्या तोंडातला स्क्रू.

पुढे ढकलावं का, ह्या एका प्रश्नावर मी तो सगळा दिवस काढला. भाजी चिरताना जायचं ठरायचं, फोडणी देताना रद्द व्हायचं. मला आजही आठवतं, मी एकदा मनात मामांचं वय काढलं, पोरीचं वय काढलं, आणि त्यांची वजाबाकी करायला लागले. मग माझीच मला शिसारी आली. असली गणितं माणसाने करू नयेत. पण त्या दिवसांत कितीतरी घरांत ती केली गेली असतील, आणि कुणी ती बोलून दाखवली नसतील.

नवऱ्याने तोवर ओळखीच्या माणसाला धरून पासची खटपट केली होती. संध्याकाळी पास मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघायचं, मी, तो आणि पोरगी. पास हातात आल्यावरही माझं ठरत नव्हतं. जेवायला बसलो तेव्हा मामा ताटाकडे बघतच म्हणाले, "जाऊन या तुम्ही."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"म्या सगळं ऐकलंय. माझे डोळे गेले, कान शाबूत हायेत. पोरीचं तोंड हाय ते. जन्मभराचं हाय. मी वरच्या खोलीत ऱ्हातो. पंधरा दिवस तुम्ही वर येऊ नका, म्या खाली येत न्हाई. डबा पायरीवर ठेवा."

"मामा, एप्रिलात पत्र्याच्या खोलीत?" मी म्हणाले.

"आयुष्य कालव्याच्या कडेला काढलं माय, उन्हाचं मला काय सांगतीस? आन् काय झालंच तर मी पिकलं पान हाय. लई विचार करू नको."

पोरगी म्हणाली, "आबा, माझे दात राहू द्या ना वाकडे." तिच्या त्या 'दात'मध्ये शिट्टी नव्हती, तरी मामा हसले, आणि हसता हसता खोकले. तो खोकला ऐकून मी ताटावरून उठले.

म्हणजे ठरलं होतं. मी बॅग भरली. मामांनीही आपल्या कोपऱ्यात एक कापडी पिशवी भरून ठेवलेली मी पाहिली.

पहाटे मोटरच्या आवाजाने मला जाग आली. नळ आला होता. अशा दिवशीही नळ येतो ह्याचाच मला राग आला. उठून मागे गेले. मामा हौदाचा पाइप काढून टाकीचा लावत होते, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, श्वास जरा लागलेला. मी ब्रश घेऊन बेसिनपाशी उभी राहिले. त्यांनी मोटरचं बटन बंद केलं, हात पुसले, दोऱ्याला लोंबकळणारं पेन चाचपडत धरलं, कॅलेंडर नाकाजवळ ओढलं, आणि त्या दिवसाच्या चौकोनात एक फुली मारली.

मी ब्रश तोंडात धरून बघत राहिले.

"मामा, हे काय केलं?"

"काय?"

"फुली मारली तुम्ही."

"मग? नळ आला न्हवं का?"

"तुम्ही तर अक्षरात लिहिता ना? 'नळ, पहाटे' असं?"

"लिहीत होतो," मामा जरा ओशाळून म्हणाले. "डोळ्याचं आपरेशन झाल्यापून अक्षर दिसंना. वळण चुकतंय. मग नुसती फुली मारून राहिलो. मला कळल्याशी काम."

ऑपरेशन जानेवारीत झालं होतं, पण नजर काही सुधारली नव्हती. तीन महिने ते फुल्या मारत होते आणि मी, घरातली गणिताची बाई, त्याच कॅलेंडरवर नाक टेकून माझ्या फुल्या मोजत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी पान मागे उलटलं.

"मामा, ह्यातल्या तुमच्या कोणत्या?"

त्यांना फुल्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. पण नळ कोणत्या वारी आला हे त्यांना विचारायचं म्हणजे दुसऱ्या कुणाला पोरांचे वाढदिवस विचारण्यासारखं. ते भिंतीला टेकून सांगत गेले आणि मी बोट फिरवत गेले. ह्या मंगळवारी पहाटे आला होता, पाणी जरा गढूळ होतं. मग त्या रविवारी, तासभरच आला, वरची टाकी अर्धी राहिली. मग शुक्रवारी, दुपारी, तू भाकरी करून राहिली होतीस. एक टँकरची होती, गल्लीत सगळ्यांनी लांब लांब उभं राहून पाणी घेतलं त्या दिवसाची. आणि मग ह्याच आठवड्यातली. तीन फुल्यांची प्रत्येक तारीख आणि नंतरची दोन फुल्यांची प्रत्येक तारीख त्यांच्या तोंडून एकेक करत बाहेर आली. पाच.

एक्केचाळीस वजा पाच. चौदा दिवस दोन-दोन, आठ दिवस एक-एक. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. छत्तीस.

मी ब्रश बेसिनमध्ये टाकला आणि मामांच्या पाया पडले, तोंडात फेस तसाच. ते घाबरून मागे सरकले. त्यांना वाटलं मी निघताना निरोप घेते आहे. "जा माय, सुखानं जा," म्हणाले. मी म्हणाले, "मामा, कुठंच जायचं नाही." आणि मग मला जे रडू फुटलं ते पोरगी उठून येईपर्यंत थांबलं नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी तो वाक्प्रचार नुसता निबंधात वापरला होता.

नवरा डोळे चोळत आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा टाकायला गेला. त्याने मला तोंडावर सुनावलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी चहाचा कप हातात घेऊन मीच म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "कॅलेंडरवर फुली मार. अशी तारीख परत येत नाही."

खरं तर त्या जास्तीच्या फुलीच्या तारखा बघूनच मला कळायला हवं होतं. टँकरची सोडली तर चारही साधारण पाच-पाच दिवसांच्या अंतराने होत्या. आणि पहिल्या फेऱ्याच्या आधीच्या चौकोनांतही तशाच फुल्या होत्या, पण तिकडे मी पाहिलंच नव्हतं. माझा नवरा विसराळू आहे, पण इतक्या शिस्तीत विसरणारा माणूस जगात नसेल. सातवीच्या पोरांना मी संख्यांची ओळ देऊन त्यातला नियम शोधायला लावते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मला नियम दिसला नाही, मला फक्त गुन्हेगार शोधायचा होता.

आठ वाजता डॉक्टरला फोन केला. नळाचं सगळं ऐकून ती एवढी हसली की मीही हसायला लागले. मग म्हणाली, "छत्तीस ना? मग बिनघोर पुढे ढकला. काही बिघडत नाही. प्लेट आहे तिथे राहू द्या, फक्त चिकट काही खाऊ घालू नका, आणि आठवड्याला एक फोटो पाठवा. पुढच्या तारा नंतर बघू. आता काहीच न करणं हाच तिचा उपचार आहे." इतका सोपा उपचार मला कुणी कधी सांगितला नव्हता. पास नवऱ्याने घडी करून खिशात ठेवला. कॉलेजचं ओळखपत्र ठेवतो तिथे तो बरेच दिवस होता.

प्लेट दिवाळीनंतर निघाली. हाड छान भरलं होतं. समोरची फट तोवर आपोआप बुजत आली होती, शिट्टी तर केव्हाच गेली होती. मामांना तेवढं वाईट वाटलं. पुढे दोन वर्षं तारा झाल्या, त्यांच्या फेऱ्या नांदेडला झाल्या, दर वेळी आईकडे जेवण झालं, आणि नवरा दर वेळी माहेरच्या पाण्यावर काहीतरी बोललाच. हे सगळं इतक्या सुरळीत झालं की त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशीची राहिली. दुपारी मामा झोपले तेव्हा त्यांची ती कापडी पिशवी रिकामी करून कपडे जागेवर ठेवावेत म्हणून मी ती उघडली. दोन लुंग्या, दोन सदरे, दम्याचा पंप, बॅटरी. आणि तळाला, पोरीच्या वहीतून फाडलेला एक आखीव कागद. मोठमोठ्या, वेड्यावाकड्या, ओळी सोडून पळणाऱ्या अक्षरांत त्यावर लिहिलं होतं: नळ आल्यावर आधी हौदाचा पाइप. हौद भरला की वरच्या टाकीचा. मोटर वीस मिनिटांच्या वर चालवू नये, तापते. पिण्याचं पाणी शेवटी भरावं, सुरुवातीचं गढूळ असतं. टँकरवाला हाकेला येतो, त्याचा नंबर मोटरच्या पेटीच्या झाकणाला आतून लिहिला आहे.

ज्या माणसाने डोळे साथ देत नाहीत म्हणून 'नळ' एवढी दोन अक्षरं लिहायचं सोडलं होतं, त्याने आदल्या दिवशी बसून हे सगळं पान लिहिलं होतं. पंधरा दिवसांसाठी वरच्या खोलीत जाणारा माणूस असलं काही लिहीत नाही. खाली हाक मारली की पुरतं.

मी तो कागद मामांना दाखवला नाही. काही दिवसांनी, त्यांचं लक्ष नसताना, मोटरच्या बटनाशेजारी भिंतीला चिकटवला. त्यांना तो दिसत नाही, आणि कुणी त्यांना सांगितलेलं नाही. पाच-सहा वर्षं झाली, कागद पिवळा पडला, एक कोपरा ओलीने गेला. आम्हाला तो वाचायची वेळ अजून आलेली नाही. नळ आला की मामाच उठतात.